मे महिन्यातले अलिबाग: लाँच, घोडागाडी, किल्ला आणि खानावळ

मुंबईहून दोन दिवस समुद्रावर जायचे ठरले की आमच्या घरात अजूनही पहिले नाव अलिबागचेच निघते. गेटवेला लाँच पकडली की तासाभरात मांडवा, तिथून त्याच तिकिटात बस, आणि समोर आंग्र्यांचा किल्ला. एवढ्या थोड्या दगदगीत एवढे सगळे पदरात पाडणारे दुसरे ठिकाण मुंबईजवळ नाही. या मे महिन्यात मी नऊ दिवसांच्या अंतराने दोनदा तिथे गेले. पहिल्यांदा भर सुट्टीतल्या शनिवारी, सत्तरी ओलांडलेली आई आणि दोन भाचे यांना घेऊन. दुसऱ्यांदा एका सोमवारी, केवळ आईला घेऊन, कारण पहिल्या फेरीत तिचे किल्ल्यातल्या सिद्धिविनायकाचे दर्शन राहून गेले होते आणि ते राहिल्याची आठवण ती घरात दिवसातून दोनदा करून देत होती. लाँच कंपनी तीच, खानावळ तीच, किनाराही तोच. तरीही दोन्ही दिवसांचा अनुभव एका गावचा वाटू नये इतका वेगळा होता, आणि तो तसा का होता हे सांगण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

शनिवारी सकाळी साडेसातला आम्ही गेटवेवर पोचलो, तेव्हा तिकीट खिडकीपासून निघालेली रांग दोनदा वळून पुन्हा खिडकीजवळ आली होती. आठची लाँच भरली, सव्वानऊची घ्या, असे खिडकीतून सांगण्यात आले. लाँचवर आसनांना क्रमांक नसतात. तिकिटावर वेळ असते, जागा नसते. खालच्या डेकचे तिकीट स्वस्त आणि वरच्या उघड्या डेकचे थोडे महाग असा प्रकार असून वरचे जास्तीचे पैसे भरणाऱ्याला निदान बसायला मिळेल अशी माझी भाबडी समजूत होती. प्रत्यक्षात आईला जागा मिळाली ती जिन्याशेजारच्या लाइफजॅकेटच्या पेटीवर. कर्मचाऱ्याने ते पाहिले आणि, आजी, पेटीवर बसू नका, असे बजावून तो पुढे गेला. मग कुठे बसायचे हे सांगायला मात्र थांबला नाही. शेवटी एका कॉलेजच्या मुलाने उठून जागा दिली. भाच्यांनी सीगल पक्ष्यांसाठी कुरमुऱ्यांची पुडी आणली होती. ते पक्षी थंडीतले पाहुणे असून मे महिन्यात परतलेले असतात, हे मी घरीच सांगायला हवे होते. पुडी दोघांनीच संपवली.

मांडव्याला उतरल्यावर धक्क्यावरून बसपर्यंत बरेच चालावे लागते. उन्हात, सामानासह आणि म्हाताऱ्या माणसाच्या पावलाने ते अंतर चांगलेच जाणवते. बस तिकिटात धरलेली असली तरी लाँचमधले सगळे प्रवासी एकाच वेळी तिच्यावर तुटून पडतात, आणि खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची आपली जुनी विद्या इथे अजून जिवंत आहे. मांडवा ते अलिबाग हे साधारण वीस किलोमीटरचे अंतर एरवी पाऊण तासात संपते. चोंढीच्या नाक्यावर किहीमकडे वळणाऱ्या गाड्यांनी रस्ता धरल्यामुळे त्या दिवशी सव्वा तास गेला. लाँच कंपनीच्या सेवेला या फेरीपुरते मी पाचपैकी दोन गुण देईन, आणि त्यातला एक लाँच वेळेवर सुटली म्हणून.

स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांनी यावर हसू नये. 2020 च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून गाड्या वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली आणि गाडीसकट मांडव्याला उतरता येऊ लागले. 2024 च्या जानेवारीत 21.8 किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि शिवडीहून उरणच्या बाजूला पोचणे सोपे झाले. दोन्ही सोयी उत्तमच आहेत. पण त्यांनी मुंबईपासूनचा पहिला टप्पा सुधारला. वडखळपासून पोयनाड, पेझारी आणि पुढे कार्ले खिंडीतून अलिबागेत उतरणारा शेवटचा रस्ता होता तेवढाच राहिला. आमच्या शेजारच्या खोलीतले ठाण्याचे कुटुंब पहाटे पाचला निघाले होते आणि वडखळ सोडायलाच त्यांना साडेनऊ वाजले.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे किल्ला. अलिबागचा कुलाबा किल्ला किनाऱ्यापासून दिसतो हाकेच्या अंतरावर, पण तिथे केव्हा जायचे हे समुद्र ठरवतो. ओहोटीला वाळू उघडी पडते आणि चालत किंवा घोडागाडीने जाता येते. भरतीला किल्ला बेट होतो. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा एक सोपा हिशेब घरोघरी ठाऊक असतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, येईल ती पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यात सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी, आणि हे चक्र रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. याला आणखी एक जोड आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी जितके वर चढते तितकेच लांब हटते. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा ओहोटीलाही पाणी पुरते हटत नाही.

आम्ही गेलो तो शनिवार वद्य दशमीचा होता. म्हणजे पूर्ण ओहोटी दुपारी पावणेदोनला, मेच्या उन्हात, आणि तीही भांगाची. हा हिशेब मला येतो, लहानपणी आजोबांनी शिकवला आहे, आणि तरीही निघण्यापूर्वी मी तो केला नाही. खोलीचे आरक्षण शनिवारचे मिळाले म्हणून शनिवारी निघाले. किनाऱ्यावर त्या दुपारी जमलेल्या बाकी सगळ्यांनीही हेच केले असणार, कारण बारा वाजल्यापासून घोडागाड्यांच्या थांब्यापाशी जी माणसे साचू लागली ती दीड वाजेपर्यंत सुरूच्या झाडांपर्यंत पोचली होती. दिवसभरात किल्ल्यात जाण्याजोगी वेळ अडीच-तीन तासांची, गाड्या मोजक्या, आणि जायचे सगळ्यांनाच. रांगेला ना दोरी ना फलक. टोकन होते, पण टोकनाचा क्रमांक पुकारणारा माणूस अधूनमधून स्वतःच घोड्याला पाणी पाजायला जाई.

आमचा क्रमांक लागला तेव्हा गाडीवानाने आईकडे पाहिले, मग पाण्याकडे पाहिले आणि म्हणाला, ‘‘आजी, तुमी आज नका येव. मधी अजून पानी हाय, गारी कलली तं तुमाला उतरता येनार नाय.’’ दिवसभरात ज्यांच्या ज्यांच्याशी पैशांचा व्यवहार झाला, त्यांत स्वतःचे गिऱ्हाईक स्वतःहून सोडणारा हा एकच माणूस भेटला. त्याचे बरोबर होते. मधल्या पट्ट्यात पाणी घोड्याच्या पोटाला लागत होते, चाक वाळूत रुतले की तो खाली उतरून खांदा लावी, आणि आमच्या पुढच्या गाडीतल्या सहा माणसांना तर गुडघाभर पाण्यात उतरावेच लागले. आईला सुरूच्या सावलीत बसवून मी भाच्यांना घेऊन गेले. जातानाचे आणि येतानाचे पैसे एकदम घेतले होते. परतताना मात्र, तुमची गाडी दुसरी, असे सांगून निम्मे पैसे पुन्हा मागण्यात आले. मी दिले. पाणी चढू लागलेले असताना घासाघीस कोण करणार?

किल्ल्याबद्दल मात्र गर्दीतही तक्रार करावीशी वाटत नाही. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये या बांधकामाला हात घातला, ते संभाजी महाराजांच्या काळात पुरे झाले, आणि पुढे कान्होजी आंग्र्यांनी याच ठिकाणाहून कोकण किनाऱ्यावर हुकमत चालवली. 1721 साली इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन चालून आले, तरी त्यांना हा किल्ला घेता आला नाही. तटाचे प्रचंड चिरे नुसते एकावर एक रचले असून त्यांच्या फटींत चुना भरलेला नाही. लाटेचे पाणी फटींत शिरते आणि तडाख्याचा जोर तिथेच मोडतो. भाच्याला हे सांगितले, तेव्हा त्याने फटीत हात घातला आणि कोपरापर्यंत आत गेला. आत गोड्या पाण्याची विहीर आहे, पुष्करणी आहे, राघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेले गणपतीचे देऊळ आहे, आणि उत्तरेकडे चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन इंग्लिश तोफा आहेत. त्या शनिवारी दोन्ही तोफांवर मिळून सात मुले बसली होती आणि त्यांचे आईबाप छायाचित्रासाठी तोफेपुढे रांग लावून उभे होते.

खरी पंचाईत परततानाची. तीनच्या पुढे शिट्ट्या सुरू झाल्या आणि आत असलेले सगळे लोक एकाच दरवाज्याकडे निघाले. महादरवाज्यातली वाट चिंचोळी आणि पायाखाली शेवाळलेले दगड. त्यातून बाहेर पडणारे हजारभर लोक आणि अजूनही आत येऊ पाहणारे दोनशे. धक्काबुक्की झाली नाही, याचे श्रेय दगडाला द्यावे लागेल, कारण त्या दगडांवर कोणाला घाई करणे शक्यच नव्हते. भरतीची आणि ओहोटीची त्या दिवसाची वेळ मोठ्या अक्षरांत किनाऱ्यावर लावलेली असती, तर निम्मे लोक दुपारी दोनला निघालेच नसते. एवढासा एक फळा. तो थांब्यापाशी मला कुठेही दिसला नाही.

किनाऱ्याविषयी थोडक्यात सांगते. वाळू काळसर आणि घट्ट आहे, पाणी उथळ आहे, लहान मुलांना खेळायला चांगले आहे. निळे पाणी आणि पांढरी वाळू शोधणाऱ्याने इथे येऊ नये. मोटारसायकलीसारख्या चारचाकी गाड्या, उंट, घोडे आणि केळीच्या आकाराच्या फुगीर होड्या हे सगळे एकाच पट्ट्यात चालते आणि चालताना मागे पाहत राहावे लागते. बायकांसाठी स्वच्छतागृहाची रांग घोडागाडीच्या रांगेशी स्पर्धा करणारी होती. संध्याकाळी एक मोटार किनाऱ्यावर उतरवलेली आणि चढत्या पाण्यात दारापर्यंत बुडालेली पाहिली. ट्रॅक्टर येईपर्यंत तिचा मालक बॉनेटवर हात ठेवून उभा होता, जणू ती वाहून गेली तर तो तिला धरून ठेवणार होता.

याच किनाऱ्याच्या जवळ पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवणाऱ्या भूचुंबकीय वेधशाळेचे आवार आहे, तिथे झाडांमागे शांतता असते. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि त्यांच्यामुळे तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून 1904 मध्ये हे काम अलिबागेत आणले गेले, आणि इमारतीसाठी लोखंडासारखे चुंबकीय साहित्य कटाक्षाने टाळले गेले. मुंबईच्या वाहतुकीला कंटाळून अलिबागला येणाऱ्यांत ही वेधशाळा पहिली म्हणायची. तिच्या मागोमाग आपण सगळे आलो, आणि येताना वाहतूकही घेऊन आलो.

राहण्याची सोय आम्ही गावापासून थोड्या अंतरावरच्या नारळी-सुपारीच्या वाडीतल्या एका घरगुती ठिकाणी केली होती. वाडी सुरेख, अंगण शेणाने सारवलेले, झोपाळा आहे, सकाळी शहाळे मिळते. जाहिरातीत चार खोल्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा सहा भरलेल्या होत्या, त्यातल्या दोन पत्र्याच्या आणि नव्या. विहीर मे महिन्यात तळाला गेलेली आणि माणसे दीडपट, तेव्हा रविवारी सकाळी आठ वाजता नळ कोरडा पडला. मालक काकांनी टँकर मागवल्याचे सांगितले. टँकर बारा वाजता आला, आम्ही अकराला खोली सोडली. त्यांनी पैसे कमी केले नाहीत, पण निघताना आईच्या पिशवीत चार शहाळी टाकली, आणि आईने ती तक्रारीची भरपाई म्हणून मान्य केली. मी केलेली नाही.

जेवणाचे सविस्तर सांगायला हवे, कारण माझ्या मते अलिबागला परत परत जाण्याचे अर्धे कारण तेच आहे. गावातल्या ज्या खानावळीत आम्ही गेली वीस वर्षे जेवतो, तिथे शनिवारी किल्ल्यावरून परतल्यावर गेलो, तर वहीत आमचे नाव एकतिसावे लागले. सव्वाचारला पाने मांडली गेली. पापलेट संपले होते, सुरमईची तुकडी पातळ आणि आधी तळून ठेवलेली, रस्सा पाणी घालून वाढवलेला, आणि सोलकढी तर आमसुलाची नुसती आठवण करून देणारी. भाकरी मागितली तर चपाती आली. वाढणारा मुलगा धावत होता. त्याला बोलावे असे कोणालाच वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी नागावकडे जावे असा विचार होता. रेवदंड्याच्या रस्त्यावर अक्षीपाशीच गाड्या थांबल्या आणि चाळीस मिनिटे हलल्या नाहीत. तेवढ्या वेळात मी खाली उतरून अक्षीचा शिलालेख पाहून आले. शके 934, म्हणजे इसवी सन 1012 चा हा लेख मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत गणला जातो. वर सूर्यचंद्र, खाली झिजलेली अक्षरे. मी तिथे होते तेवढ्या वेळात थांबलेल्या गाड्यांतून आणखी एकही माणूस उतरला नाही. हॉर्न मात्र सगळे वाजवत होते. परत आले तर आमची रिक्षा जागची हलली नव्हती. नागाव रद्द केले.

मग नऊ दिवसांनी आलेला सोमवार. या वेळी आधी दिनदर्शिका पाहिली: शुद्ध चतुर्थी, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वानऊच्या सुमारास, आणि अमावास्या नुकतीच होऊन गेल्याने पाणीही चांगले हटलेले. रविवारी संध्याकाळी उशिरा पोचलो, तेव्हा परतणाऱ्या लाँचला झुंबड होती आणि आमच्या लाँचवर जेमतेम तीस माणसे. आईने वरच्या डेकवर पाय पसरून प्रवास केला. बस अर्ध्याहून अधिक रिकामी होती आणि चालकाने आम्हाला मुक्कामाच्या गल्लीच्या तोंडाशी उतरवले. लाँच कंपनीला द्यायच्या गुणांचे काय करावे, हा प्रश्न मला तिथेच पडला, कारण कंपनीने शनिवारी जे केले तेच रविवारी केले होते. तरीही आसनांना क्रमांक द्यायला आणि म्हाताऱ्यांसाठी पहिल्या दोन ओळी राखायला तिला कोणी अडवलेले नाही, म्हणून पाचपैकी तीन.

सोमवारी साडेआठला किनाऱ्यावर गेलो. किल्ल्यापर्यंत ओली, कठीण वाळू उघडी पडली होती, तिच्यावर लाटांच्या नक्षीच्या रेघा, आणि मधल्या पट्ट्यात घोटाही बुडणार नाही इतके पाणी. शनिवारचाच गाडीवान भेटला. त्याला आई आठवत होती. त्याने तिला पुढे आपल्या शेजारी बसवले आणि जाऊन येऊन ठरलेल्या पैशांपलीकडे एक रुपया मागितला नाही. विनायकी असल्यामुळे आमच्या आगेमागे गावातल्या दहा-बारा बायका दुर्वांच्या जुड्या आणि नारळ घेऊन चालत किल्ल्यात निघाल्या होत्या, चपला हातात धरून. पर्यटक म्हणावे असे आम्ही दोघी आणि कोल्हापूरचे एक जोडपे. दरवाज्यावरचे मोर आणि हत्ती शनिवारी माणसांच्या डोक्यांमागे होते. या वेळी आईने ते एकेक बोट लावून मोजले. देवळात ती अर्धा तास बसली. मी तटावर जाऊन उत्तरेचा सर्जेकोट हा छोटा जोडकिल्ला पाहून आले, तोफांवर कोणी नव्हते, आणि त्यांवर कोरलेले इंग्रजी अक्षर अन् अक्षर वाचता येत होते.

त्याच खानावळीत साडेबाराला गेलो, तर निम्मी टेबले रिकामी. वालाचे बिरडे, ताजी मांदेली तव्यावरून थेट पानात, तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी आणि दाट, गुलाबी सोलकढी. शनिवारचे सांगितल्यावर स्वयंपाक करणाऱ्या ताई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘‘शनवार-आयतवारी आमी पन आमचा जेवन जेवत नाय, ताई. भात न् पापर खाऊन काम करतूं.’’ मे महिना म्हणजे मासळीचा शेवटचा महिना. एक जूनपासून मासेमारी बंद, म्हणून खाणाऱ्यांची घाई आणखी वाढते, हेही त्यांनीच सांगितले. खानावळीला सोमवारचे पाच गुण, शनिवारचे दीड. सुट्टीच्या दिवशी वहीतली नावे वीसवर थांबवली तर धंदा किती बुडेल, हे मी त्यांना विचारले नाही. विचारायला हवे होते.

परतताना बसने जाण्याऐवजी कार्ल्याकडे रिक्षा वळवून रस्त्याकडेला टांगलेल्या पांढऱ्या कांद्याच्या दोन माळा घेतल्या. या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून साधा पांढरा कांदाही अलिबागचा म्हणून विकतात, तेव्हा माळ घेताना कांद्याची मान पाहावी. पात वाळवून वेणी घट्ट विणलेली असावी आणि कांदा आकाराने मध्यम, किंचित चपटा असावा. मांडव्याच्या धक्क्यावर तिकीट खिडकीवरच्या माणसाने पावसाळ्यामुळे लाँच आता थोड्याच दिवसांत बंद होणार असल्याचे सांगितले. आईने वरच्या डेकवर कठड्याजवळची जागा धरली, माळा मांडीवर घेतल्या आणि रेवसच्या बाजूने ढग आलेले पाहून वेणीतला एक कांदा तोडून हुंगून पाहिला.